नेम किती वारांवर बसवावा

सासऱ्यांची रायफल माझ्या हाती येऊन तीन दिवस झाले होते, आणि तिच्या मागच्या खाचेखाली बसणारी पायऱ्यापायऱ्यांची छोटी लोखंडी पट्टी आमच्या बैठकीच्या खोलीतल्या हीटरच्या जाळीतून खाली पडून अर्धा तास झाला होता. मी जमिनीवर पालथा पडून जाळीला एक डोळा लावून होतो. माझी बायको डोरीन सोफ्यावर विणत बसली होती.

“तुला ती बंदूक पुसायला कुणी सांगितलं होतं?” तिने विचारलं.

कुणीच सांगितलं नव्हतं. पण कुणी एक्कावन्न वर्षं वापरलेली वस्तू आपल्या हाती सोपवली, तर ती निदान पुसून ठेवावी असं मला वाटलं. मला जे जे म्हणून वाटतं, त्याचं पुढे असंच काहीतरी होतं.

पट्टी संध्याकाळी सापडली. त्यासाठी हीटरचा अर्धा पत्रा काढावा लागला आणि माझ्या अंगठ्याचं नख गेलं. पट्टीला सहा पायऱ्या होत्या. ती ज्या पायरीवर सरकवावी त्या मानाने रायफलची मागची खाच वर-खाली होते, आणि त्या मानाने गोळी जवळ किंवा लांब नेमकी लागते. सासऱ्यांनी ती वर्षानुवर्षं एका ठरावीक पायरीवर ठेवली होती. कुठल्या, ते फक्त त्यांना आणि देवाला ठाऊक होतं. दोघांपैकी देवाला विचारणं मला जास्त सोपं वाटत होतं.

माझे सासरे म्हणजे एमरी टॉबिन. वय अठ्ठ्याहत्तर. जन्मभर लाकडाच्या गिरणीत भुसा हुंगून फुप्फुसं संपलेली. ऑक्टोबरपासून ते काउंटीच्या हॉस्पिटलात नाकात नळी घालून पडून होते, आणि डॉक्टरांनी डोरीनला बाजूला घेऊन सांगितलं होतं की नाताळची वाट बघू नका. नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंगच्या सणानंतरच्या सोमवारी हरणांच्या शिकारीचा हंगाम उघडतो. पेन्सिल्व्हेनियाच्या आमच्या डोंगराळ भागात त्या दिवशी शाळासुद्धा बंद असतात. एक्कावन्न वर्षांत सासऱ्यांनी तो सोमवार एकदाही चुकवला नव्हता. या वर्षी चुकणार होता. त्यांना मुलगा नव्हता. मुलगी एकुलती एक, आणि तिने लग्न केलं ते काउंटीच्या जमीन नोंदणी कचेरीतल्या कारकुनाशी, म्हणजे माझ्याशी.

“कपाटातली तीस-तीस रायफल घेऊन जा,” दर दोन-तीन शब्दांनी श्वासासाठी थांबत ते मला म्हणाले होते. “सोमवारी माझ्या दगडावर बस. हरीण मार. काळीज घेऊन ये. इथलं खाणं म्हणजे ओला पुठ्ठा. कांद्यावर परतलेलं काळीज एकदा खायचंय मला. मग काय व्हायचं ते होऊ दे.”

“पॉप, मी गेल्या वीस वर्षांत...”

“ठाऊक आहे. तू काही मारलेलं नाहीस. म्हणून तर माझी बंदूक ने म्हणतोय. तिला सगळं कळतं, कारकुना.”

तिला जे कळत होतं ते मी पुसून काढलं होतं.

“पॉपना फोन कर,” डोरीन म्हणाली. “एका वाक्याचं काम आहे. नेम किती वारांवर बसवला होता, एवढंच विचारायचं.”

“आणि का विचारतोस म्हणाले तर?”

“तर सांगायचं.”

डोरीनला हे सोपं वाटतं, कारण ती त्यांची मुलगी आहे. ज्या माणसाने एकोणीस वर्षांत मला एकदाही नावाने हाक मारली नाही, त्याला त्याच्या शेवटच्या दिवसांत मी सांगायचं, की तुमची बंदूक मी हीटरमध्ये सांडली? मी ठरवलं, आपण दुसऱ्या कुणाला तरी विचारू. माझी पुढची सगळी शोभा या एका निर्णयातून झाली.

कारण आमच्या गावात बायकोचा वाढदिवस विचारला तर दहातले आठ पुरुष खिडकीबाहेर बघतील. पण लिव्हर ओढून भरायच्या रायफलीचा नेम किती वारांवर बसवावा, हे विचारलं तर पाळण्यातलं पोरसुद्धा उठून बसेल. पहिला उठला तो शेजारचा ऑर्व्हिल क्लिंगमन. ऑर्व्हिल निवृत्त आहे. कशातून, ते मला आजतागायत कळलेलं नाही. मी दारातून नुसता बाहेर आलो आणि तो पाचोळा ओढायचा दाताळा घेऊन कुंपणाशी हजर झाला.

“पंचवीस वार,” तो म्हणाला.

“मी अजून काही विचारलंच नाही.”

“डोरीननं सांगितलं माझ्या बायकोला. पंचवीस वार, डोळे मिटून. हे बघ.” त्याने दाताळा आडवा धरला. “गोळी अशी निघते. जाताना जराशी चढते. पंचवीसवर रेषेत येते. तशीच वर जाते, मग वाकते, आणि सव्वाशेच्या आसपास परत रेषेत. एका नेमात दोन अंतरं! दुसरं फुकट!” गोळी वाकते कशी ते दाखवताना दाताळा माझ्या कानशिलावर बसला.

कानावर बर्फाची पिशवी धरून मी डेलबर्ट हाउझरच्या हार्डवेअरच्या दुकानात गेलो. तिथे शेगडीभोवती तीन-चार म्हातारे कायम बसलेले असतात. ते गिऱ्हाईक आहेत की सामान, हे नव्या माणसाला पटकन कळत नाही. डेलबर्ट आमच्या नेमबाजी क्लबचा अध्यक्ष. त्याच्या गल्ल्यामागे एक पितळी पाटी होती. एकोणीसशे एकसष्ट साली त्याने शंभर वारांवरून मारलेल्या पाच गोळ्या कॉफीच्या कपाच्या झाकणाखाली मावल्या होत्या, असं तिच्यावर कोरलेलं होतं.

“शंभर,” डेलबर्ट म्हणाला. “शंभरावर तीन इंच वर. मग जवळचं असो, दीडशेवरचं असो, नुसतं खांद्यामागे धरायचं आणि घोडा दाबायचा.”

“जंगलात दीडशे वार दिसतंय कुठं?” शेगडीजवळून एक आवाज आला. “पन्नासवर बसव रे.”

“ऐंशी!”

“ऐंशी कशाला? ऐंशी काय अंतर आहे का?”

“माझा बाप ऐंशीवर बसवायचा.”

“तुझा बाप मरेपर्यंत हरणाऐवजी बीन्स खात होता!”

त्या दोघांनी त्यानंतर हंगाम संपेपर्यंत एकमेकांशी अबोला धरला. मी तिथून निघालो तेव्हा माझ्याकडे चार अंतरं होती, आणि कानाला ठणका होता.

नेम बसवायचा तर मैदान हवं. मैदान क्लबचं. सभासद नसलेल्याला एका दिवसाचा परवाना मिळतो, पण त्याला अर्ज लागतो. क्लबच्या सचिव बर्निसबाई. त्यांनी माझा अर्ज चष्म्यावरून वाचला आणि सातव्या रकान्यावर बोट ठेवलं. ‘रायफलचा नेम सध्या किती वारांवर बसलेला आहे?’

“हे रिकामं आहे,” त्या म्हणाल्या.

“तेच ठाऊक नाही. म्हणून तर मैदान हवंय.”

“रिकामं चालत नाही.”

मी ‘अज्ञात’ असं लिहिलं.

“अज्ञात असलेली रायफल मैदानावर आणता येत नाही. विम्याचा नियम आहे.”

“म्हणजे नेम बसलेला असेल तरच नेम बसवायला यायचं?”

“नियम मी केलेले नाहीत, वॉरेन.” त्यांचा आवाज दुखावलेला होता. मी स्वतः सव्वीस वर्षं सरकारी खिडकीमागे बसून हेच वाक्य लोकांना ऐकवत आलोय. त्याचा समोरच्याला किती त्रास होतो, ते मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. मी रकान्यात ‘शंभर’ लिहिलं, आणि खोटं लिहिल्याबद्दल रात्रभर तळमळलो.

शनिवारी मैदानावर गेलो. शंभर वारांच्या बाकावर बसलो, डेलबर्टच्या सांगण्यावरून तीन इंच वर धरून पट्टी दुसऱ्या पायरीवर सरकवली, तिसऱ्या पायरीवर सरकवली. खांदा सुजला. पण मला खटकलं ते वेगळंच. समोरचा कागद मला जरा जास्तच स्पष्ट दिसत होता. माझे डोळे असे नाहीत.

आता यात माझा काय दोष, ते वाचणाऱ्यांनीच ठरवावं. माझं आयुष्य ‘पांढऱ्या ओकपासून कोपऱ्यातल्या दगडापर्यंत’ असल्या दस्तांत गेलं. एका दस्तात तीन फुटांची चूक निघाली, तेव्हा दोन सख्खे चुलतभाऊ एकमेकांच्या घरच्या अंत्यविधींनाही गेले नव्हते. अंतर खोटं असेल तर मला जेवण जात नाही. रविवारी चर्च सुटल्यावर मी कचेरीतली मोजणीची साखळी घेऊन मैदानावर गेलो आणि तीनदा मोजलं. दोनशे त्र्याहत्तर फूट. म्हणजे एक्क्याण्णव वार. मागे, एकसष्टच्याही आधी कधीतरी, ओढ्याच्या पुरात मातीचा बांध वाहून गेला होता. नवा घातला तो नऊ वार अलीकडे, आणि बोर्ड तसाच राहिला. ‘१०० वार’.

शहाण्या माणसाने साखळी गुंडाळून घरी जावं. मी पत्र लिहिलं, तीन प्रतींत. एक क्लबला, एक माझ्या फायलीला, आणि एक विमा कंपनीच्या माणसाला, कारण मैदानाच्या फळ्यावरच्या चौदाव्या नियमात तसं लिहिलेलं होतं. तो चौदावा नियम माझ्याआधी कुणीही वाचला नसावा. विम्याच्या माणसाचं उत्तर दोन दिवसांत आलं. फेरमोजणी होऊन दाखला मिळेपर्यंत मैदान बंद.

पुढचा शनिवार थँक्सगिव्हिंगच्या आधीचा होता. त्या दिवशी सगळी काउंटी आपापल्या बंदुका घेऊन नेम बसवायला येते. दीड-दोनशे माणसं नारिंगी जाकिटं घालून कुलूप लावलेल्या फाटकाबाहेर उभी राहिली आणि फाटकावर लावलेली माझ्या पत्राची नक्कल वाचत बसली. खाली माझी सही होती. माझी सही सुवाच्य आहे.

सोमवारी डेलबर्ट कचेरीत माझ्या खिडकीशी आला. “नऊ वार!” तो ओरडला. “नऊ वारांनी काय आभाळ कोसळणार होतं? हरणाला मोजता येतं का?”

“प्रश्न हरणाचा नाही, डेलबर्ट. बोर्डावर शंभर लिहिलंय.”

“माझ्या पाटीवरसुद्धा शंभरच लिहिलंय! एकवीस वर्षं! काल माझा नातू विचारतो, आजोबा, तुम्ही खोटं बोललात का?” पाटी त्याने उतरवली होती. भिंतीवर तिच्या जागी फिकट चौकोन राहिला होता, तो मी पुढे खिळे आणायला गेलो तेव्हा पाहिला. मला खिळे मिळाले नाहीत. संपलेत म्हणाला.

त्या आठवड्यात न्हाव्याने मला वेळ दिली नाही. डोरीनने चर्चच्या जेवणाला नेलेला भोपळ्याचं सारण भरलेला केक जसाच्या तसा परत आला, कुणी सुरीसुद्धा लावली नव्हती. मी खरं तेच सांगितलं होतं, आणि इतकं एकटं मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं. थँक्सगिव्हिंगला आम्ही हॉस्पिटलात गेलो. सासरे आणखी आटले होते. चादरीखाली माणूस आहे की नुसती घडी, असं वाटावं.

“बंदूक कशी आहे?” त्यांनी विचारलं.

“छान आहे, पॉप.”

“ऐकलं की कुणीतरी क्लब बंद पाडला.”

“हो. कानावर आलं.”

“कोण गाढव?”

डोरीन छताकडे बघायला लागली. “चौकशी चालू आहे,” मी म्हणालो.

त्याच क्षणी विचारायला हवं होतं. पॉप, तुम्ही नेम किती वारांवर बसवला होता? वाक्य ओठांवर आलं होतं. पण त्यांना खोकल्याची उबळ आली, नर्स धावली, आणि आम्हाला बाहेर काढलं. गाडीत बसल्यावर डोरीन म्हणाली, “विचारलं नाहीसच.” मी खिडकीची काच पुसत राहिलो. तिने रडतरडतच गाडी चालवली.

शेवटी शनिवारी ऑर्व्हिल मला खडीच्या जुन्या खाणीत घेऊन गेला. माझ्याशी बोलणारा तो एकटाच उरला होता, कारण त्याला ऐकणारा दुसरा कुणी मिळत नसे. मी साखळीने शंभर वार मोजले, अगदी खरे. पट्टी चौथ्या पायरीवर आली तेव्हा गोळी काळ्या ठिपक्याच्या मध्यात लागली. माझ्याजवळ पाच काडतुसं उरली होती. मग मी घरी बसून पुस्तकांतून आकडे काढले आणि एक तक्ता केला. पंचवीस वारांवर कुठे धरायचं, पन्नासवर कुठे, पाऊणशेवर, सव्वाशेवर, दीडशेवर. तो टंकलेखन यंत्रावर छापून रायफलच्या दस्त्याला चिकटपट्टीने चिकटवला.

ऑर्व्हिलने तो वाचला. “आणि हरीण किती लांब आहे ते कसं कळणार?”

“अंदाजाने.”

“अंदाज,” तो म्हणाला, आणि आयुष्यात पहिल्यांदाच पुढे काही बोलला नाही.

रविवारी कॅम्पवर पोचलो. कॅम्प म्हणजे डोंगरातली एक लाकडी खोली, झोपायचे आठ बंक, एक चूल. सासऱ्यांचे जुने सोबती तिथे होते. सगळ्यांत वडील व्हर्जिल, सत्तरीचा, सासऱ्यांनंतर कॅम्पचा कारभार त्याच्याकडे आलेला. मला दाराजवळचा बंक मिळाला. जेवताना मी मीठ मागितलं, तर ते हातोहात सगळ्या टेबलाला वळसा घालून माझ्याशेजारच्या माणसापर्यंत आलं आणि तिथेच थांबलं. कुणी वाईट बोललं नाही. कुणी काहीच बोललं नाही.

“एमरीचा दगड तुला,” सकाळी व्हर्जिल तेवढं म्हणाला. “त्यानं सांगितलंय म्हणून.”

दगड उताराच्या टोकाला होता. खाली हेमलॉकची झाडं, मध्ये मोकळी बर्फाळ जागा. पाठीवर परवान्याचा नंबर टोचलेला, अंगावर नारिंगी कोट, आणि पायांची बोटं आहेत की गेली याची कल्पना नाही. अशा जागी माणसाला आपण कोण आहोत ते उगाच आठवत बसतं. या दगडावर एक माणूस एक्कावन्न वर्षं बसला होता आणि आता तो श्वास विकत घेतल्यासारखा मोजून घेत होता. आणि त्याच्या जागी मी, मांडीवर तक्ता घेऊन.

नऊच्या सुमारास हरीण आलं. शिंगवालं, नियमात बसणारं. हेमलॉकमधून बाहेर पडलं, मोकळ्या जागेत उभं राहिलं आणि बर्फ हुंगायला लागलं. मी लिव्हर खाली-वर केली. मी पद्धत सोडली नाही. किती लांब? बर्फाने सगळं धूसर झालं होतं, हरीण लहानखुरं दिसत होतं. एकशे तीस, माझ्या मनाने कौल दिला. तक्ता बघितला. चष्म्यावर वाफ धरली. चष्मा पुसला. हरीण उभंच होतं. एवढं सोशिक हरीण त्या डोंगरात दुसरं नसेल. तक्ता म्हणत होता, वर धरा. मी वर धरलं. मनाची खात्री व्हावी म्हणून आणखी थोडं वर धरलं, आणि घोडा दाबला.

पलीकडच्या बर्च झाडाची साल उडाली. हरणाने मान वर करून माझ्याकडे बघितलं, आणि चालत निघून गेलं. धावलंसुद्धा नाही.

साखळी माझ्या पिशवीत होती. मोजल्याशिवाय मला राहवलं नाही. दगडापासून हरणाच्या खुरांच्या ठशांपर्यंत त्रेचाळीस वार.

गोळीचा आवाज ऐकून व्हर्जिल आला. “कुठंय?”

“गेलं.”

“किती लांब होतं?”

काहीही सांगता आलं असतं. “त्रेचाळीस वार,” मी म्हणालो.

“मोजलंस?”

“मोजलं.”

व्हर्जिलने टोपी काढली आणि कुणी गेल्यासारखा क्षणभर उभा राहिला.

दुपारी जेवणाआधी माझ्यावर खटला भरला. आमच्या कॅम्पचा शिरस्ता असा, की ज्याचा नेम चुकला त्याच्या शर्टाचा मागचा शेपटा सुरीने कापायचा, त्यावर नाव आणि साल लिहायचं आणि तो भिंतीला ठोकायचा. भिंतीवर तीस-पस्तीस शेपटे होते. एमरी टॉबिन हे नाव त्यांत कुठेही नव्हतं. हे सगळे कापले होते मात्र त्यांनीच, हरीण सोलायच्या आपल्या सुरीने.

“आरोपीला काही सांगायचंय?” व्हर्जिलने विचारलं.

“तक्ता बरोबर होता,” मी म्हणालो.

एवढे मोठ्याने हसलेले पुरुष मी पाहिले नव्हते. एकाला ठसका लागला. व्हर्जिलने माझा शेपटा कापला, आणि क्लबच्या नऊ वारांची आठवण म्हणून बरोबर नऊ इंच कापला. डोरीनने दिलेला लोकरी शर्ट होता, लाल-काळ्या चौकटींचा. पाठीला गार वारा लागला. कुणीतरी माझ्या हातात गरम कॉफी दिली, कुणीतरी खांद्यावर थाप मारली, आणि मीठ आपणहून माझ्यासमोर आलं. मला रडू कोसळेल की काय असं झालं होतं. शर्टासाठी नाही. काळीज कुठून आणू, हे मला कळत नव्हतं.

एकच्या सुमाराला वनखात्याचा रखवालदार जीप घेऊन आला. कॅम्पवर फोन नाही, निरोप असेच येतात. डोरीनने कळवलं होतं: पॉपचं अवघड आहे, असशील तसा निघ.

मी असेन तसा निघालो. शर्टावर नारिंगी कोट चढवला आणि गाडीकडे धावलो. मागून व्हर्जिल आला आणि त्याने ब्रेडच्या रिकाम्या पिशवीत बर्फ घालून काहीतरी माझ्या शेजारच्या सीटवर ठेवलं. सकाळी त्याने मारलेल्या हरणाचं काळीज होतं.

“हे तुझं,” तो म्हणाला.

“पण व्हर्जिल, हे तर तुम्ही...”

“कारकुना, जन्मात एकदा तोंड बंद ठेव. एमरी विचारेल तेव्हासुद्धा.” त्याने दार लावलं. त्याचेही डोळे भरले होते.

हॉस्पिटलात पोचायला चार वाजले. डोरीन पलंगाजवळ बसली होती. काही न विचारता तिने पिशवी घेतली, आणि नर्सांच्या स्वयंपाकघरातल्या बारक्या शेगडीवर कांदा टाकला. त्या वासाने सगळा मजला जागा झाला. रागवायला आलेली नर्स दारातच थबकली, मग आत येऊन माझ्यावरच घसरली. “अहो, तो ओला कोट काढा आधी, जमिनीवर तळं झालंय.” तिनेच तो ओढून काढला आणि खुंटीला लावला.

सासऱ्यांचे डोळे मिटलेले होते. डोरीनने बशी जवळ नेली तशी त्यांच्या नाकपुड्या हलल्या. डोळे उघडले. तिने उशा लावून त्यांना जरा उठवलं, काट्याला एक तुकडा लावून दिला. त्यांनी तो बराच वेळ तोंडात घोळवला.

“कांदा जरा करपलाय,” ते म्हणाले. “चांगलंय.”

दुसरा तुकडा स्वतः घेतो म्हणाले. काटा बोटांतून निसटला आणि पलंगाखाली गेला. मी त्यांच्याकडे पाठ करून वाकलो, हात घालून काटा काढला. पाठीला गार लागलं, आणि तेव्हा मला आठवलं की माझ्या अंगात कुठला शर्ट आहे.

मी वळलो. ते माझ्याकडे बघत होते. त्या माणसाने असे तीस शर्ट आपल्या हाताने कापले होते. समजायला त्यांना काही उरलं नव्हतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग बशीकडे, मग परत माझ्याकडे. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. व्हर्जिलने बजावलेलं सगळं मी विसरलो.

“पॉप, ते...”

त्यांनी बोट वर केलं. त्यांनी माझ्या हातातून काटा घेतला, चादरीला पुसला, आणि एक तुकडा उचलून खाल्ला. मग दारात उभ्या असलेल्या नर्सकडे मान वळवली.

“बाई,” ते म्हणाले. मध्ये श्वास घेतला. “हे हरीण माझ्या जावयानं मारलंय. वॉरेननं. माझ्या दगडावरून.” परत श्वास. “एका गोळीत. शंभर वारांवरून.”

गुरुवारी दुपारी ते गेले. तोवर फराळाची गाडी ढकलणाऱ्यापासून डॉक्टरांपर्यंत मजल्यावरच्या प्रत्येकाला त्यांनी ही हकीकत ऐकवली होती. पण ते नंतरचं. तेव्हा नर्स डोळे मोठे करून माझ्याकडे बघत होती. डोरीनही बघत होती, जरा घाबरूनच, कारण कुणी सांगितलेलं अंतर मी दुरुस्त केल्याशिवाय सोडलंय, असं एकोणीस वर्षांच्या संसारात तिने पाहिलेलं नव्हतं. सासरे मात्र माझ्याकडे बघतसुद्धा नव्हते. बशीतला कांदा गोळा करत होते.

“अगंबाई, शंभर?” नर्सने विचारलं. “खरंच?”

“शंभर,” मी म्हणालो. “मी स्वतः मोजलेत.”